कधी न भरणारा खड्डा

पेल्यातल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे तीन थेंब टाकले. पहिला थेंब बुडाशी जाईपर्यंत त्याच्यामागे एक पांढरा धागा राहिला. मग तो पसरला आणि सगळं पाणी पातळ ताकासारखं झालं. चार दिवसांपूर्वी विहिरीच्या याच पाण्यात नुसती धुरकट झाक आली होती. मधल्या काळात मी न्हाणीजवळच्या शोषखड्ड्यात पाच शेर मीठ ओतलं होतं. या औषधानं पांढरं होतं ते मीठच; ते विहिरीत आलं होतं. म्हणजे बाकीचंही सगळं येत होतं.

जागा मीच दाखवली होती. मे महिन्यात ग्रामसेविका म्हणून या गावात आले तेव्हा सांडपाणी वाटेवर साचून डास झाले होते. विहिरीपासून पंधरा हातांवर सहा हात खोल खड्डा खणवून घेतला, विटांचे तुकडे भरले, वर वाळू टाकली. तेव्हा विहिरीत पाणी एकोणीस हातांवर होतं. मी मोजून वहीत लिहिलं. पावसाळ्यात ते कुठवर चढतं, हे कुणाला विचारलं नाही.

श्रावण आला तरी खड्डा भरेना. लोकांना त्याचं कौतुक. आजाऱ्यांचे कपडेही तिथेच धुऊ लागले, कारण बोडीत, गावच्या तळ्यात, धुऊ नका, असं मीच सांगितलं होतं.

जुलाबानं तीन मुलं गेली. तिसरा शेजारच्या सुकलूचा मुलगा. त्या दिवशीच मला शंका आली होती. आधी खात्री करू, असं म्हणून मी गप्प राहिले.

पेला तसाच ठेवून मी त्याच आळीतल्या रुखमाकडे गेले. तिची लेक सोमारी कालपासून जुलाबानं आजारी होती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं.

"तुमी सांगतलं तसंच करून राह्यली, बाई," रुखमा म्हणाली. "हिचे कपडे बोडीवर नाई नेले. खड्ड्यावरच धुतले."

"पाणी उकळून देतेस?"

"सरपन सारं ओलं. पेज शिजता शिजत नाई, पानी कशानं उकळू?"

तेवढ्यात रामाजी पाटील पडवीत येऊन टेकले. "सोमवारी चांद्याचे साहेब येऊन राह्यले, खड्डा पाहाले. कडेनं चुना मारून ठेवू का? आमचा खड्डा म्हंजे जावई आहे, बाई. कितीही वाढा, पुरे म्हनत नाई."

मी सोमारीवरची गोधडी सारखी केली.

"रामाजी भाऊ," मी विचारलं, "पावसाळ्यात इथं खणलं तर पाणी किती हातांवर लागतं?"

"चार. पोट्टे बी सांगतीन." माझा खड्डा सहा हात खोल होता; म्हणजे त्याचं बूड पाण्यातच होतं.

"मग मे महिन्यात का नाही बोललात?"

"तुमी शिकेल मानूस. आमाले वाटलं, तुमाले ठाऊक असन."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. आता खरं सांगितलं, तर उद्या देवीची लस टोचायला कुणी मूल पुढे करणार नाही, हे मला दिसत होतं. दुसरं पाणी अर्ध्या कोसावर नाल्याला, तेही भाताच्या बांध्यांतल्या चिखलातून. आणि रुखमाला कळणार होतं, की कालपासून तिनं आपल्या हातानं लेकीला काय पाजलं.

तिनं विहिरीच्या पाण्याच्या गुंडातून वाटी भरली, एका हातानं सोमारीची मान उचलली आणि वाटी ओठांना लावू लागली. मी तिचं मनगट धरलं. पाणी सांडून गोधडीवर पसरलं.

"काऊन, बाई? तहानली आहे थे."

"हे पाणी देऊ नकोस." मी रामाजींकडे वळले. "भाऊ, विहिरीवर आत्ता काटे टाकून ती बंद करा. खड्ड्यातली घाण विहिरीत उतरते आहे. तो आजच उपसून बुजवायचा. पोरं माझ्या खड्ड्यानं मरताहेत."