भिंतीवरचा निळा पंजा

बाळांनो, डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. लहानशी, एकाच खिडकीची. तिची एक भिंत वरून अर्ध्यापर्यंत ताजी निळी आहे, खाली मात्र जुनी पिवळीच. आणि त्या पिवळ्या भागात एका मोठ्या माणसाचा निळा पंजा उमटलाय. पाची बोटं पसरलेली. दिसला? आता डोळे उघडा. त्या घरातल्या मुलीला तो डोळे उघडले तरी दिसायचा, मिटले तरी दिसायचा.

पंजा तिच्या बाबांचा. ते सैन्यात शिपाई होते. सुट्टीवर आले तरी त्यांना स्वस्थ बसवायचं नाही. गळका नळ दुरुस्त कर, खुर्चीचा हलणारा पाय बसव, लेकीच्या वेण्या घाल. वेण्या इतक्या घट्ट, की तिच्या भुवया वर चढायच्या. "केस विंचरताय की दोर वळताय?" आई विचारायची. लेकीला ते 'कप्तान' म्हणत आणि तिच्यासमोर टाचा जुळवून उभे राहत. घरात काहीही रंगवायचं असो, शेवटचा ब्रश कप्तानाचा, असा त्यांचा नियम होता. तिच्यासाठी थोडी जागा ते मुद्दाम कोरडी ठेवत.

शेवटच्या सुट्टीत त्यांनी ही भिंत रंगवायला घेतली. अर्धी झाली आणि फोन आला, ताबडतोब हजर व्हा. घाईघाईनं उतरताना शिडी डगमगली. तोल सावरायला त्यांनी रंगानं माखलेला हात भिंतीला टेकवला.

"झालं! आता हे कोण निस्तरणार?" आई म्हणाली.

"आल्यावर बघू," बाबा म्हणाले.

ते आले नाहीत. एका पुलावरून जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन त्यांनी अलीकडे आणलं, आणि दुसऱ्याला आणायला ते परत गेले. तेवढ्यात पूल कोसळला. त्यांच्या तुकडीतल्या मित्रानं घरी येऊन हे सांगितलं. सांगताना तो भिंतीकडे पाठ करून बसला होता.

आई त्याच खोलीत झोपायची. ऊन तिरपं आलं की वाटायचं, पंजा भिंतीतून बाहेर येतोय. हवा दमट असली की रंगाचा वास सुटायचा, जणू कुणी आत्ताच डबा उघडलाय. अशा वेळी आई उंबऱ्याशीच थबकायची. मुलगी मात्र शाळेतून आली की स्टुलावर चढून पंजावर आपला तळवा ठेवायची. कधी कधी भिंत तिला कोमट लागायची.

एका सकाळी काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, धंद्यानं रंगारी. खांद्यावर शिडी, हातात डबे.

"वहिनी, आज भिंत नवीकोरी करून देतो."

"नाही!" मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बाबा म्हणालेत, आल्यावर बघू. तुम्ही सगळं रंगवलंत, तर ते येऊन काय बघतील?"

काकांनी डोकं खाजवलं. "हिचा बापही असाच वाद घालायचा. आणि जिंकायचा, लबाड."

आई मटकन खाली बसली. "मला झोप लागत नाही गं. डोळा लागला की वाटतं, पलीकडून कुणीतरी भिंत ढकलतंय. उठून पलीकडे जाते, तर कुणीच नसतं. भाऊजी, लावा तुम्ही रंग."

मुलगी आईकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.

काकांचा निळा रंग भावाच्या निळ्याशी काही केल्या जुळेना. तरी दुपारपर्यंत सगळी भिंत झाली. पंजाभोवतीचा पिवळा चौकोन तेवढा उरला. तिथं काकांचा हात थांबला. ते वळले, टाचा जुळवल्या आणि ब्रश पुढे केला.

"कप्तान, शेवटचा ब्रश!"

आवाज हुबेहूब बाबांचा. आईनं दचकून वर पाहिलं.

ब्रशवरून निळा थेंब जमिनीवर पडला. पंजा रंगाखाली झाकला तर बाबा पुरते जाणार, ठेवला तर आईला झोप नाही. तुम्ही काय केलं असतं? मला सांगू नका, मनातच ठेवा.

तिनं ब्रश घेतला. बाबांनी शिकवल्याप्रमाणे डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळवला, पाण्यात धुतला आणि उभा करून ठेवला. मग आईची गादी गुंडाळली. गादी तिच्यापेक्षा जाड. दारात अडकली, तेव्हा तिनं डोक्यानं रेटली आणि बाहेरच्या खोलीत, आपल्या जागेवर नेऊन टाकली. आपलं अंथरूण ओढत आणून पंजाखाली पसरलं.

"आई, तू तिकडे झोप. इकडे मी बघते."

आणि भर दुपारी, भिंतीकडे तोंड करून, ती आडवी झाली.