शंभराव्या प्रयोगाची पाटी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पाटी आहे आणि माझ्या अंगावर जे लिहिलं आहे ते खरं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला खोटारडी म्हणायला नको.

माझा जन्म मेक्सिको शहरातल्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. तो एरवी नळाच्या तोट्या आणि चर्चच्या छोट्या घंटा ओतायचा. वाळूच्या साच्यात त्याने माझी अक्षरं उलटी मांडली, तेव्हा एका शब्दापाशी त्याचा हात थांबला. तो तसाच उठला, कोपऱ्यावरच्या टेलिफोनवर गेला आणि ओरडला, "अहो, इथं 'प्रेक्षक' लिहिलंय! नटी म्हणायचं असेल ना तुम्हाला?" पलीकडून काय उत्तर आलं ठाऊक नाही. तो मान हलवत परत आला आणि त्याने मला जशीच्या तशी ओतली. माझ्यावर उठावाच्या अक्षरांत लिहिलं होतं: "सरबतवालीचं लग्न. संगीत नाटक. शंभर प्रयोग. पाटीची धर्मआई, श्रीमती ओतिलिया बारागान, प्रेक्षक."

आमच्या शहरात नाटकाचे शंभर प्रयोग झाले की नाट्यगृहाच्या दालनात पाटी लावतात. पाटीवर कापड टाकलेलं असतं आणि कुणी नामवंत माणूस दोरी ओढून ते उघडतो. पुरुष असला तर तो पाटीचा धर्मबाप, बाई असली तर धर्मआई. गोलोंद्रीना नाट्यगृहात माझ्या आधी अकरा पाट्या होत्या. साऱ्यांवर सिनेमातल्या बड्या लोकांची नावं होती आणि त्याचा तोरा त्यांच्या चकाकीत दिसायचा.

आमच्या नाटकाचे मालक लेआन्द्रो यांनीही आधी बड्या लोकांनाच विचारलं होतं. एक नटी दौऱ्यावर होती, एका नटाची दाढ दुखत होती आणि तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तेव्हा तिकीट खिडकीवरची तोमासा म्हणाली, "मालक, देवळात नसलेला देव कशाला शोधताय? सहाव्या रांगेतली ओतिलिया आहे की. एक्केचाळीस वेळा बघितलंय तिनं तुमचं नाटक. तुमच्या बायकोनं दोनदा बघितलं, आणि दुसऱ्यांदा तर ती झोपूनच गेली." मालक आधी हसले. आणि मग त्यांनी ओताऱ्याला चिठ्ठी पाठवली.

ओतिलियाबाईंचं बाजाराजवळ बटणांचं आणि रिबिनींचं दुकान होतं. तीस वर्षं बटणं विकली आणि तीस वर्षं आठवड्यातून तीनदा नाटक बघितलं. रडकं असो, हसरं असो, गाण्याचं असो, बाई हजर. कागद वाजणारा खाऊ ती नाटकाला कधी आणत नसे. शेजारी कुणी गोळीचा कागद उलगडला तर त्याच्याकडे असं बघायची की बिचारा गोळी कागदासकट गिळायचा. आमच्या नाटकात नवरीचं काम करणारी ग्रिसेल्दा सांगायची, "बाईंचं हसू ऐकू आलं की समजायचं, आज आपण बरे आहोत. नाही आलं, तर घरी जाऊन आरशात बघायचं."

ऐंशीव्या प्रयोगाला मला दालनात टांगलं आणि वर लाल मखमली कापड टाकलं. जाहिरात म्हणून बरं, असं मालकांचं म्हणणं. त्यामुळे मला दिसायचं थोडं आणि ऐकू यायचं सगळं. बाई दर रविवारी प्रयोगाला लवकर यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि कापडाला हातही लावायची नाही.

"अगं, बघ की उचलून," तोमासा म्हणायची. "तुझंच नाव आहे."

"वा गं वा! लग्नाआधी नवरीचं तोंड बघू?"

"आणि कापडाखाली दुसरीचं नाव निघालं तर?"

"तर तुझ्या खिडकीची काच फोडीन."

मग दोघी खिदळायच्या. बाईनं नवा पोशाख शिवायला टाकला होता, त्याला शिंपल्याची बावीस बटणं तिनं स्वतः निवडून दिली होती. घरी खिडकीच्या पडद्याला सुतळी बांधून ती दोरी ओढायचा सराव करायची, असं तोमासा साऱ्यांना सांगत सुटली होती. बाई लाजायची, पण नाकारायची नाही. एकदा ती अगदी हळू म्हणाली, "तोमासा, माझं नाव आजवर फक्त दवाखान्यात पुकारलंय गं लोकांनी. असं माणसांसमोर, आनंदानं, कधीच नाही." हे मी कापडाखाली ऐकलं आणि मला वाटलं, जन्माला येऊन एवढं एक काम आपल्या हातून झालं तरी पुष्कळ.

तो रविवार उजाडला. नाट्यगृह खच्चून भरलं होतं. वर्तमानपत्रांचे फोटोवाले आले होते आणि टेबलावर त्यांच्यासाठी गोड पाव मांडले होते. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या आणि सारी माणसं दालनात लोटली. मालकांनी भाषण केलं. बाईच्या हातात दोरी दिली. आता मालक तिचं नाव पुकारणार, इतक्यात बाईच बोलली.

"लेआन्द्रो, एक विचारू? ती लाइट गेलेली रात्र तू मोजणीत धरलीस का रे?"

"कुठली रात्र?"

"बासष्टावा प्रयोग. पहिल्या अंकातच दिवे गेले. तू सगळ्यांना पुढच्या रविवारी फुकट बोलावलंस. पण त्या रविवारी खिडकीवर आकडा त्रेसष्ट लागला."

"असेल. मग?"

"मग दिवे गेले त्या रात्री सरबतवालीचं लग्न झालंच नाही ना, राजा. आज नव्याण्णव झाले."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "ओढा हो दोरी, बाई! कोण मोजतंय?"

"मी मोजतेय," बाई म्हणाली. "पुढच्या रविवारी शंभर होतील. मी येते की. कुठं पळून जातेय?"

मालकांनी हसून वेळ मारून नेली असती. पण नवरीच्या वेषातली ग्रिसेल्दा पुढे आली आणि म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे. त्या रात्री मी घरी जाऊन रडले होते. तो प्रयोग धरू नका." बाकीच्या नटांनीही माना डोलावल्या. नाटकवाले मोठे शकुनअपशकुन पाळणारे, खोट्या आकड्यावर पाटी उघडली तर पुढचं नाटक पडतं असं त्यांच्यात म्हणतात. मालकांचा चेहरा उतरला. फोटोवाल्यांनी गोड पाव संपवले आणि ते गेले.

खरं सांगते मित्रांनो, मला तिचा भयंकर राग आला. अंगभर 'शंभर' लिहून घेतलेली मी, मला एक प्रयोग इकडेतिकडे झाला तर काय होणार होतं? त्या अकरा पाट्यांतल्या निम्म्या तरी खोट्या असणार. पण त्या भिंतीवर आहेत. आणि पाटीवर नाव तर बाईला स्वतःलाच हवं होतं. फक्त तिला ते खऱ्या शंभरावर हवं होतं. तीस वर्षं ज्या नाटकांवर तिनं जीव टाकला, त्यातल्या एकाशी खोटं बोलून तिला आपलं नाव नको होतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढचा रविवार आला आणि दुपारपासून धो धो पाऊस. त्यात पाच वाजता आपल्या देशाच्या संघाचा फुटबॉलचा सामना. सगळं शहर टीव्हीपुढे. कंपनीला नाट्यगृह त्या दिवसापर्यंतच मिळालेलं, सोमवारपासून दुसरी मंडळी येणार होती. आणि या कंपनीत जुना नेम होता: वर जितके नट, खाली निदान तितके प्रेक्षक. त्याहून कमी असले तर पडदा उघडायचा नाही. 'सरबतवाली'त नट नऊ.

चार वाजता तिकिटं गेली होती तीन. बाई बावीस बटणांचा पोशाख घालून आली, खिडकीवरचा आकडा बघितला आणि तशीच छत्री घेऊन बाहेर पडली. दारोदार फिरली. परत आली तेव्हा पोशाख गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"काय म्हणाले लोक?" तोमासानं विचारलं.

"काय म्हणणार? सख्खी आई मेली तरी सामना संपेस्तोवर थांब म्हणतील मेले."

तरी तिनं चौघांना ओढून आणलं होतं. तिची नणंद हेर्लिंदा, जी सारखी आपल्या गुडघ्याला शिव्या देत होती. तामाले, म्हणजे मक्याच्या सालीत उकडलेले उंडे, विकणाऱ्या गाडीवरच्या दोघी बहिणी. आणि फुटबॉलचा तिटकारा असलेला एक म्हातारा पोस्टमन, ज्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. तिघं तिकिटवाले, हे चौघं आणि बाई मिळून आठ झाले. इतक्यात पावसातून एक ओला माणूस आत शिरला आणि त्यानं तिकीट काढलं. नऊ! तोमासानं खिडकीवर थाप मारली. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. मखमलीखाली मी थरथरत होते.

तिसरी घंटा व्हायच्या आत समोरच्या गुत्त्यातून एकच आरोळी उठली. गोल झाला होता. तो ओला माणूस खुर्चीतून उठला. "किती झाले तेवढं बघून येतो," म्हणाला. बाई त्याच्या मागे दारापर्यंत गेली. "अहो, बसा ना. मी सांगते कुणाला तरी बघायला. अहो दादा!" तो रस्ता ओलांडून गेला आणि आलाच नाही.

दहा मिनिटं थांबले, वीस थांबले. मालक दालनात आले.

"आठच आहेत, बाई."

"आठ म्हणजे नऊच की रे. मी दोघांचं हसेन."

तेव्हा तोमासा खिडकीतून बाहेर आली. "मी बसते खाली. झाले नऊ."

"तू पगारी. पगारी धरत नाहीत," मालक म्हणाले. मग ते बाईकडे वळले. त्यांचा आवाज कडू झाला होता. "धरायचे का नऊ, बाई? तुम्हीच सांगा. मोजणाऱ्या तुम्ही."

मला कापडाच्या फटीतून तिचे हात तेवढे दिसत होते. एक बटण ती नुसतं फिरवत होती.

"धर," ती शेवटी म्हणाली. "धर रे लेआन्द्रो. मी काही बोलणार नाही."

पण पडद्याआडून ग्रिसेल्दा आधीच खाली आली होती. अर्धा रंग पुसलेला. "नको, बाई," ती म्हणाली. ती वाईट मनानं नाही म्हणाली, मित्रांनो, ती रडत होती. "गेल्या रविवारी नाही धरलं. आज धरलं तर गेल्या रविवारी का नाही, असं मी जन्मभर विचारत बसेन."

हे बाईचंच म्हणणं होतं. दिवे मालवले. म्हातारा पोस्टमन म्हणाला, "छान झालं हो नाटक," त्याला वाटलं, नाटक झालं आणि आपल्यालाच ऐकू आलं नाही. कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनी मोडली. मालकांनी मला भिंतीवरून काढलं आणि मखमलीत गुंडाळून बाईच्या हातात दिलं. तिनं मला घरी नेलं आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ती त्यानंतर नाटकाला गेली नाही. एकदाही नाही. सुरुवातीला तोमासा दर रविवारी यायची.

"चल ऊठ. नवं नाटक आलंय, गाण्यांचं. ग्रिसेल्दा आहे त्यात."

"नको गं."

"किती दिवस रुसणार आहेस?"

"रुसले नाही. पण आता मी गाणं नाही ऐकणार, तोमासा. मी खुर्च्या मोजत बसेन."

तोमासा मग महिन्यातून एकदा यायला लागली, मग वर्षातून, मग ती वारली. बाई दुकानात बटणं विकत राहिली. संध्याकाळी ती लवकर झोपायची. मी कपाटामागे काळी पडत गेले. बाईही गेल्यावर तिच्या पुतणीनं घर रिकामं केलं. भंगारवाल्याच्या गाडीत मी गाद्या आणि पलंगाच्या सळ्यांसोबत चढले. आता मी एका आवारात तोट्या, बिजागऱ्या आणि फुटक्या घंटांच्या ढिगावर पडून आहे. परवा दोन कामगारांनी मला उलटंपालटं केलं. "कोण ही ओतिलिया?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "असेल कुणी नटी," आणि मला ढिगावर टाकलं.

मित्रांनो, उद्या भट्टी पेटणार आहे. उठावाची अक्षरं पातळ असतात, ती आधी वितळतात. मला कुणी वाचवेल अशी आशा मी करत नाही, ती करायचं माझं वयही राहिलं नाही. फक्त एवढंच मागते. तुम्ही कधी नाटकाला जाल तेव्हा टाळ्या नटांना द्याच. पण घरी निघण्याआधी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला त्याचं नाव विचारा आणि ते त्याच्यासमोर एकदा नीट, मोठ्यानं म्हणा. पाटीवर घालायला नव्हे. पाट्यांचं काय होतं ते तुम्ही बघताच आहात.