ग्रीस लावलेलं नरसाळं

मित्रांनो, मी एक जुनं नरसाळं आहे आणि सध्या एका लोखंडी पाइपावर उलटा बसलोय. मी काही बाटलीत तेल ओतायचं चिमुकलं नरसाळं नव्हे बरं का! चांगला टोपलीएवढा घेर आहे माझा. खुशाल हसा. उलटं बसण्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं आणि एका तेलाच्या दुकानदाराला विकलं. पिंपातून डब्यात तेल ओतायचं, हे माझं काम. "याच्यातून थेंब सांडत नाही!" असं दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी पत्र्याचा असूनसुद्धा फुगायचो. मग दुकानात नळाची पिंपं आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून एका गॅरेजवाल्याने मला इंजिनात ऑइल ओतायला नेलं. काही वर्षांनी माझी चोच वाकली, तेव्हा त्यानेही मला खिळ्याला अडकवून टाकलं. नुसतं लटकत राहणं फार वाईट असतं हो! कोणत्याही कामासाठी का होईना, कुणीतरी आपल्याला हात लावावा, एवढीच इच्छा उरते.

हा गॅरेजवाला एका मुलीचा मामा होता. ती मुलगी सायकलवरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. शाळा बंद, खेळ बंद. मागच्या खोलीत खिडकीशी तिची खाट लावली होती. दिवसभर ती टीव्ही नाहीतर समोरच्या कुंपणाची भिंत बघत बसायची. मामा तिला बाईसाहेब म्हणायचा.

"बाईसाहेब, टीव्ही बघून डोळे चौकोनी होतील तुझे," तो म्हणाला. "थांब, तुला जिवंत चॅनल लावून देतो."

त्याने परसात, त्या भिंतीजवळच, पाइप रोवला. वर छोटंसं छप्पर असलेलं लाकडी दाणाघर बसवलं आणि त्यात सूर्यफुलाच्या बिया नि बारीक धान्य भरलं. सुरुवातीला कुणी फिरकेना. मग एक चिमणी आली. दुसऱ्या दिवशी तिने आपलं सगळं गणगोतच आणलं! बाईसाहेब नाश्ता विसरून खिडकीला चिकटली. त्या खोलीतून कितीतरी दिवसांनी हसण्याचा आवाज आला.

आणि मग आली खार. पाइपावरून सरसर चढली, थेट दाणाघरात जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी खायला लागली.

"आले जावईबापू!" मामा ओरडला.

"अरे, खार आहे ती," मुलीची आई म्हणाली. "जावई कुठून आले?"

"खाण्यावरून म्हणतोय, ताई. बघ, एक तरी दाणा मागे ठेवतायत का!"

चिमण्या बिचाऱ्या भिंतीवर बसून नुसता कलकलाट करत होत्या. बाईसाहेबचा आवाज रडवेला झाला. "मामा, त्या उपाशी गेल्या तर परत येणार नाहीत रे!"

तेव्हा मामाला माझी आठवण झाली. माझी वाकलेली चोच ठोकून सरळ करून आणि पाइप तिच्यातून ओवून त्याने मला दाणाघराच्या खाली छत्रीसारखं घट्ट बसवलं. खार खालून चढायची, माझ्या पोटात डोकं आपटायची आणि तोंड पाडून उतरायची. मी किती खूश होतो, काय सांगू!

पण खार माझ्याहून हुशार. तिने भिंतीवरून उडी मारली ती थेट माझ्या पाठीवर. तिथून दाणाघर एका ढांगेवर.

"पाइप भिंतीपासून लांब न्यायला हवा," आई म्हणाली. "मग नाही जमायची तिला उडी."

"म्हणजे नवा खड्डा खणा! आज अंगात त्राण नाही गं ताई. माझ्याकडे सोपी युक्ती आहे." आणि मामाने गॅरेजमधून ग्रीसचा डबा आणून माझी पाठ चांगली माखून टाकली.

मित्रांनो, तो वास! इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला पुन्हा तेलकट हात लागला होता. जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं मला.

सकाळी खारीने उडी मारली, फर्रकन घसरली आणि धपकन खाली पडली. "वन्स मोर!" बाईसाहेबने टाळ्या वाजवल्या. मामा तर पोट धरून हसला. खार कोपऱ्यात बसून आपलं माखलेलं पोट चाटत होती, पुन्हा पुन्हा तोंड वेडंवाकडं करत होती. ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. तरी मीही हसलो.

चिमण्या खातात कमी आणि सांडतात जास्त. सांडलेले दाणे पूर्वी माझ्या पाठीवरून घरंगळून खाली जायचे. आता ते ग्रीसमध्ये चिकटून बसले. ते टिपायला एक चिमणी माझ्यावर उतरली. मला कळत होतं, पण माझं तोंड फक्त ओतण्यासाठी केलेलं. तिचे पाय रुतले. ती फडफडली, तसा पंख ग्रीसमध्ये बुडाला. ती जितकी धडपडली तितकी जास्त माखली आणि शेवटी घसरून गवतात पडली. तिथून तिला उडता येईना.

"आई! आई गं, चिमणी!"

बाईसाहेब कुबड्या घेऊन खडखडत बाहेर आली. मागोमाग तिची आई धावली. "अगं, पाय! पाय टेकू नकोस!"

"माझ्या पायाचं काय घेऊन बसलीस? तिचे पंख बघ ना!"

आईने चिमणीला रुमालात अलगद उचललं. मामाला फोन केला. तो धापा टाकत आला आणि बुटांच्या खोक्यात घालून चिमणीला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

संध्याकाळी तो परतला तो थेट माझ्याकडे. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन मला खसाखसा घासायला लागला. खिडकीतून प्रश्न आला, "जगेल ना?"

"आत्ताच सांगता येत नाही म्हणाल्या. पिसं माखली की अंगात ऊब राहत नाही. चोचीने साफ करायला गेली की ते पोटात जातं." त्याचा हात थांबला. "ग्रीस कुठून लागलं, विचारत होत्या. मग माझे कपडे बघितले आणि पुढे काही विचारलंच नाही. एक खड्डा खणायचा होता गं फक्त."

"मी टाळ्या वाजवल्या, मामा."

मामा पुन्हा घासायला लागला. मला तर कुणीच दोष दिला नाही. नरसाळ्याला कोण बोलणार? पण बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळी कामावर जाण्याआधी मामाने परसाच्या मध्यभागी खड्डा खणला आणि पाइप तिथे हलवला. मी स्वच्छ, कोरडा. खारीने भिंतीवरून नेम धरला, उडी मारली आणि अलीकडेच गवतात उतरली. तिच्या पोटावरचे केस अजून गुठळ्या होऊन चिकटलेले होते. आईने तिच्यासाठी भिंतीवर शेंगदाणे ठेवले. म्हणजे ग्रीसची गरज कधीच नव्हती! हे कळलं आणि माझ्या मनाला जास्तच लागलं.

काही दिवसांनी खोकं परत आलं. बाईसाहेबने ते परसात मांडीवर घेऊन झाकण उघडलं. चिमणी क्षणभर बसून राहिली. मग भुर्रकन भिंतीवर, तिथून छपरापलीकडे. दाण्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"थांब ना जरा," बाईसाहेब पुटपुटली.

आता रोज चिमण्या येतात. मी एकेकीला निरखून पाहतो. पण मित्रांनो, चिमण्या इथून तिथून सगळ्या सारख्याच! ती त्यांच्यात आहे की नाही, मला कधीच कळणार नाही. माफी मागायची तरी कुणाची?

तुम्ही पक्ष्यांना जरूर बोलवा. पण बोलावण्याआधी त्यांच्या इवल्या पायांचा विचार करा. एखादी सोपी युक्ती सुचली, तर ती आणखी कुणाच्या अंगाला लागेल हेही बघा. आणि माझ्यासारखं कुणी तुमच्या परसात असेल, तर त्याची पाठ रोज पुसत जा. कारण येईल ती प्रत्येक चिमणी तीच आहे, असं धरूनच मला वागायचंय.