जमिनीवर राहिलेल्या पेशींचा राखणदार

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. पेशींना शरीरातल्यासारखी ऊब देणारं कपाट म्हणा हवं तर. मित्रांनो, माझी आतली काच आता धुरकट झाली आहे. पण एके काळी माझं दार उघडण्याआधी लोक कोपरापर्यंत हात धुवून यायचे.

एकदा उंदराच्या हाडातल्या पेशींचे दोन वाटे झाले. एक वाटा छोट्या पेटीतून अवकाशात गेला, दुसरा माझ्या हवाली झाला. वजन नाहीसं झालं की पेशींतली कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती गप्प बसतात, हे माझ्याकडच्या पेशींशी ताडून बघायचं होतं.

अवकाशातल्या पेशी परतल्या. शेकडो जनुकांच्या कामात फरक निघाला. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, खूश झाले. प्रयोग करणाऱ्या बाई मात्र स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि चोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघू लागल्या.

"फरक अवकाशाने पडला की या कपाटाने?" त्या म्हणाल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. माझ्यात दोष निघाला असता तर बाईंचीच सारी मेहनत पाण्यात गेली असती आणि माझी रवानगी भंगारात. तरी त्यांनी माझ्या कानाकोपऱ्यात तापमापक ठेवले, आतली हवा तपासली, दाराचं रबर बोटाने चाचपलं. खरं सांगतो, माझा माझ्यावरचाच भरवसा उडत चालला.

मी निर्दोष निघालो. मग बाईंचा संशय त्या छोट्या पेटीकडे वळला. परतीच्या वाटेवर ती गार पडली होती, हे त्यांनी शोधून काढलं. त्यांनी माझ्यात ताज्या पेशी ठेवल्या आणि माझी ऊब तितकीच उतरवली. जागचं न हलताही त्या पेशींतली बरीचशी जनुकं तशीच बदलली. म्हणजे तो प्रताप अवकाशाचा नव्हता, गारठ्याचा होता.

"निम्म्याहून जास्त निष्कर्ष गेले," सर म्हणाले.

"गेले ते आपले नव्हतेच. हाड बांधणारी जनुकं मंदावली, ती मात्र गारठ्याने नाही. तेवढंच छापू."

सरांनी लिहून ठेवलेला लेख पुढ्यात ओढला. मग त्यांनी आपल्याच हाताने त्याचा मथळा खोडला.

आता माझ्या जागी नवं, चकचकीत यंत्र आलं आहे. त्याच्या पडद्यावर आकडे झळकतात आणि सगळे त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. मला त्याचीच काळजी वाटते. मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर पुसा, सांभाळा, आणि आमच्यावर संशय घ्यायला संकोचू नका. ज्यांची कुणी विचारपूस करत नाही, ती यंत्रं हळूहळू खोटं बोलू लागतात. आणि ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.