रिकामा खिळा

डॉ. सुभान इनामदारांनी रक्तदाबाचा पट्टा सोडला, पण हौसरावांचा हात खाली आला नाही. टेबलापासून वीतभर वर तो तसाच थांबून राहिला.

"सोडा आता, आण्णा," केसपेपर घेऊन आलेली नकुशी म्हणाली. "झेंडावंदन झालं."

हौसराव ओशाळून हसले. दुसऱ्या हाताने तो हात धरून त्यांनी मांडीवर ठेवला.

पट्ट्याच्या काळ्या कापडावर डॉक्टरांच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते.

"साहेब, चुना? तंबाखू कवापासनं?" नकुशीने विचारलं.

"भिंतीचा आहे," डॉक्टर म्हणाले आणि बोटं रुमालाला पुसली. नकुशी बाहेर तिच्या टेबलाशी जाऊन बसली.

मग नेहमीचे प्रश्न झाले. तंबाखू, भूक, पोट, झोप.

"रात्री लागती," हौसराव म्हणाले. "दुपारचंच इपरीत हाय. जेवून आडवा होतो. डोळं उघडतो तवा सोप्यात भिंतीपाशी उभा. वर खिळा हाय, तिथवर हात गेलेला. कवा उठलो, काय म्हाईत न्हाई. पंधरा दिस झालं."

"खिळ्याला..." डॉक्टर थांबले. "रात्रीचं जेवण हलकं घेता?"

बाहेर दौंडचा रस्ता उन्हाने सुन्न पडला होता. कुरकुंभच्या कारखान्यांच्या पाळीची बस गेली, आणि मग काहीच आवाज उरला नाही.

गेल्या वर्षी याच खुर्चीत शंकरराव बसले होते. त्यांनाही डॉक्टरांनी हेच चार प्रश्न विचारले होते. त्यांच्या घरी बंदूक आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, डॉक्टरांनाही. पण माणसाच्या घरात काय टांगलंय ते विचारणारे आपण कोण, असं वाटून त्यांनी तेवढा प्रश्न गिळला. शंकरराव झोपेच्या गोळ्या घेऊन गेले. आठव्या दिवशी त्यांनी तीच बंदूक स्वतःवर चालवली. गोळ्यांची पुडी तशीच राहिली होती.

डॉक्टरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. लोकसभेचा निकाल तीन दिवसांवर आला होता. निवडणुकीपुरत्या ठाण्यात जमा केलेल्या परवान्याच्या बंदुका त्यानंतर घरोघर परत जाणार होत्या.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हौसराव, त्या खिळ्याला बंदूक असते ना?"

बाहेर नकुशीचं पेन थांबलं.

"व्हय. वडलांची. रानडुकरांसाठी ठिवलेली." हौसरावांनी खिशातून ठाण्यातल्या पावतीची घडी काढली. "निकाल लागला की आणायची."

"आणू नका."

हौसराव रागावतील असं डॉक्टरांना वाटलं होतं. ते नुसतेच बघत राहिले, डॉक्टरांच्या बोटांकडे.

"जमा कराय गेलतो तवा," ते सावकाश म्हणाले, "माझ्या बंदुकीशेजारी एक दुनळी लावलेली. दस्त्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तुमचं नाव. म्हटलं, डॉक्टरांच्या घरच्या भाभी वारून वर्ष झालं. डॉक्टर समद्यांना इचारत्यात, त्यांना कोण इचारणार?"

"वडिलांची आहे ती," डॉक्टर म्हणाले. "नुसती टांगलेली असायची."

"माझी बी टांगलेलीच." हौसराव पुढे झुकले. "दुपारचं झोपता का तुम्ही?"

डॉक्टरांनी रुमाल मुठीत धरला.

हौसरावांनी आपला उजवा पंजा टेबलावर उताणा ठेवला. चारही बोटांची टोकं डॉक्टरांसारखीच चुन्याने पांढरी होती.



"माझी पावती तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," हौसराव म्हणाले. "तुमची माझ्याकडं द्या. पावतीबिगर बंदूक मिळत न्हाई. मागाय आलो तर देऊ नका. म्या बी देनार न्हाई. पाया पडला तरी."

डॉक्टरांनी खण ओढला. पावती शोधावी लागली नाही, वरच होती. हौसरावांनी ती घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, पायताणं चढवली आणि ते उन्हात निघून गेले.

नकुशी आत आली. पावती देताना पुढे केलेला डॉक्टरांचा हात अजून तिथेच होता, टेबलापासून वीतभर वर. गठ्ठ्यातला एक कोरा केसपेपर तिने ओढला, वर डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"तंबाखू?" तिने विचारलं.