ऊब

आमच्या घरातली बुखारी लाकडावर चालत नाही. ती माझ्या लाजेवर चालते. लाकडं मी घालतो, नाही असं नाही. देवदारची, चांगली वाळलेली, घरमालकिणीने दाखवली तशी बारीक फोडून. ती जळतातही. पण त्यांचा जाळ गार असतो, त्यावर हात धरला तर बोटं बधिर होतात. राख मात्र नेहमीसारखी पडते आणि रोज काढावी लागते.

बुखारी म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवलेली लोखंडी भट्टी. पुढे लहानसं दार, वर किटलीपुरती जागा आणि छपरातून बाहेर गेलेला पत्र्याचा पाइप. इथे हिमाचलात, किन्नौरमध्ये ती घरोघरी असते. बँकेच्या शाखेत बदली होऊन मी आलो तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण नेगीआंटींनी ती मला उघडून दाखवली होती.

"हर किरायेदार की अपनी चीज होती है जी," त्या म्हणाल्या. "पिछले वाले फौजी थे, उनके गुस्से पर चलती थी. आपकी किस पर चलेगी, ठंड पड़ेगी तो पता चलेगा."

मी मान हलवली. नव्या जागी माणूस कशालाही मान हलवतो. त्यांची स्वतःची बुखारी मुलींच्या कौतुकावर चालायची. दोघी मुली डॉक्टर, दोघींचे फोटो भिंतीवर, त्यामुळे वरच्या मजल्यावर कधी गारठा म्हणून नसायचा. ते फोटो बघता बघता मी सांगून टाकलं की माझी आई पुण्यात मुख्याध्यापिका आहे. कुणी विचारलं नव्हतं. आई गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात राहायची, चौथी शिकलेली, आणि पुणं तिने फक्त एसटीच्या पाटीवर वाचलेलं.

दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. एकटीला करमत नव्हतं. येताना चटणीचा डबा, दोन सोलापुरी चादरी आणि माझ्यासाठी कानटोपी घेऊन आली. खोली गार होती. मी तिला शेकायला म्हणून वर नेगीआंटींकडे नेलं. तेवढीच चूक झाली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

वरच्या खोलीत शिरल्याबरोबर आईचा चेहरा खुलला. तिने नेगीआंटींचे दोन्ही हात धरले आणि तिला येत होतं ते सगळं हिंदी एका दमात बोलून टाकलं.

"बाई, आपके घर में लई ऊब है. अइसा ऊब हमने किधर नै देखा."

नेगीआंटींनी हात काढून घेतले. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. मला ते ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं, सगळे हसले असते आणि चहा झाला असता.

"ये कौन हैं?" नेगीआंटींनी मला विचारलं.

"गाँव से आई हैं," मी म्हणालो. "खाना बनाती हैं."

आई हसतच होती. तिला पहिलं वाक्य कळलं होतं, आणि दुसरंही कळण्यासारखंच होतं. माझे कान तापले. खाली आलो तर आमची बुखारी लालबुंद झाली होती आणि किटलीतलं पाणी उकळून निम्मं झालं होतं.

"पेटली की रं!" आई म्हणाली. "काय केलंस?"

"लाकडं बदलली," मी म्हणालो. बुखारी आणखी थोडी लाल झाली.

हिवाळा लागला आणि थंडी एकेक खोली घेऊन जाऊ लागली. इथे असंच होतं. जी खोली पुरती गार पडते ती घराची राहत नाही. आधी न्हाणीघर गेलं. दार उघडलं तर समोर नुसता बर्फाचा उतार. मग आतली खोली गेली, आईच्या पेटीसकट. आईने आपली चटई बुखारीजवळ ओढली. दुसऱ्या दिवशी तिने मला पाय दाखवले. दोन्ही पायांची बोटं बर्फाची झाली होती.

"दुखत न्हाई," ती म्हणाली. "नुसतं बुळबुळीत वाटतंय."

मी घाबरलो. फोनवर डॉक्टर म्हणाले, ऊब द्या, परत येतील. रस्ता उघडला की खाली घेऊन या. रस्ता तर फेब्रुवारीपर्यंत बंद. तेव्हा बुखारी चालती ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि ती कशी चालते ते मला कळून चुकलं होतं.

मी नेगीआंटींना चहाला बोलावलं. बँकेतल्या लोकांना बोलावलं. आई चहा घेऊन यायची, कप वाटायची आणि भिंतीशी जमिनीवर बसायची. तिथे बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कुणी काही विचारलं की ती तिच्या हिंदीत उत्तर द्यायची, लोक मजेने पुढचं विचारायचे, आणि माझ्या मानेपासून वर रक्त चढायचं. बुखारी धडधडायची. आईच्या पायांना बोटं परत यायची, नखांसकट. पाहुणे कोट काढून बसायचे.

"बड़ी अच्छी गरमी है आपके यहाँ," नेगीआंटी म्हणायच्या. मग आईसमोरच विचारायच्या, "और आपकी माताजी? वो कब आ रही हैं पूना से?"

"छुट्टी नहीं मिलती उन्हें," मी म्हणायचो.

आई त्यांचा रिकामा कप उचलून न्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाकडं घालावी लागत नसत.

मग धूर कोंडायला लागला. पाइप साफ करायला हवा होता. मी स्टुलावर चढून पाइपाचा जोड सोडवला, आई खाली पोतं धरून उभी राहिली. मी आत काठी घातली. काजळीचा मोठा थर सुटला आणि त्याबरोबर पाइपातून माझाच आवाज खाली आला, अगदी स्वच्छ. "खाना बनाती हैं."

"कोन बोललं रं?" आईने विचारलं.

"वारा आहे."

तिने पोत्याचं तोंड बांधलं आणि ते उंबऱ्याबाहेर ठेवून आली. हात काळे झाले होते. ते पुसत तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मला फार बरं वाटलं. बरं वाटल्याचीही लाज वाटली, म्हणून जोड बसवायच्या आतच बुखारी पेटली आणि माझा हात भाजला.

जानेवारीत बर्फ दारापर्यंत चढला. जिना गेला. बँक बंद झाली. चहाला येणारं कुणी उरलं नाही, आणि लाजायला समोर कुणीतरी लागतं. आई मुद्दाम एकटीच हिंदी बोलून बघायची. "लई ऊब है, लई ऊब है," भिंतीकडे बघून. मला काहीच व्हायचं नाही. जे मी केलं होतं ते मी रोज आठवून बघायचो, पण त्याची सवय झाली होती. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो, याचा मला अंदाज नव्हता. स्वयंपाकघर गेलं. उरली बुखारीभोवतीची चटईएवढी जमीन, तिच्यावर आम्ही दोघं, गुडघ्याला गुडघे लावून.

दुपारची वेळ होती. आईचे हात कोपरापर्यंत बर्फाचे झाले होते. त्यांतून मला सोलापुरी चादरीची नक्षी दिसत होती. बांगड्या सैल होऊन मनगटावरून खाली सरकल्या होत्या. मी लाकूड घातलं. गार जाळ निघाला.

"यशा," आई म्हणाली. "एक इचारू?"

"विचार."

"तुला माझी लाज वाटती व्हय रं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. आमटीत मीठ बरोबर आहे का, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. मी बुखारीच्या दाराकडे बघत राहिलो.

"नाही गं आई. तुझी कसली लाज?"

आधी बुखारीचं दार लाल झालं. मग भट्टी, मग पाइप, थेट छपरापर्यंत. किटलीचं झाकण नाचायला लागलं. समोर स्वयंपाकघर परत आलं, फळीवरच्या चटणीच्या डब्यासकट, आणि त्यामागे न्हाणीघराची कडी वाजली.

आई बराच वेळ त्या लाल लोखंडाकडे बघत होती. तिला काही विचारायचं राहिलं नव्हतं. मग ती पुढे सरकली आणि दोन्ही हात तिने बुखारीसमोर धरले. कोपरातून पाणी गळून लुगड्यावर पडू लागलं.

"ऊब आली बघ," ती म्हणाली.

पाइपाचा लाल रंग वरून खाली उतरायला लागला. आईचे हात मनगटापर्यंत माणसाचे झाले होते, पुढे अजून बर्फ होता.

हात तसेच पुढे धरून आई म्हणाली, "बोटं ऱ्हायली रं. परत म्हन."