खालची ओळ

रफूवाल्या मावशींचे डोळे बिघडले होते हे खरं. पण ते एकदाच बिघडले होते आणि चष्मा लागल्यावर सुधारलेही होते. त्यानंतरही त्या दर थोड्या दिवसांनी रस्ता ओलांडून चष्म्याच्या दुकानात जायच्या आणि "पुन्हा अंधूक दिसायला लागलंय" म्हणायच्या, ते मात्र धडधडीत खोटं होतं. जन्मात कधी खोटं न बोललेल्या बाईला ते कसं जमायचं, कोण जाणे. पण छान जमायचं.

मावशी म्हणजे काही कुणाच्या मावशी नव्हत्या. नवरा गेला तेव्हा पदरात दोन लहान मुलं होती आणि हातात रफूची कला. कोटाला पडलेलं भोक, शालीची कुरतडलेली कड, काहीही आणा. त्याच कापडातून धागा काढून त्या अशी वीण भरायच्या की फाटलं कुठं होतं ते मालकालाही सापडायचं नाही. आपलं काम कुणाला दिसता कामा नये, हे त्या धंद्याचं मर्म. नवरा गेलेल्या बाईनं कसं राहावं, याबद्दलही गल्लीचं मत साधारण तेच होतं. मुलगा शिकून शाळेत मास्तर झाला, मुलगी लग्नाला आली, आणि तोवर सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायला लागली. पोस्टमन म्हणायचा, वयानं मोठे असलेले म्हातारेही म्हणायचे. एकदा बाईला मावशी म्हणून टाकलं की तिच्याबद्दल आणखी काही विचार करावा लागत नाही. फार सोयीचं असतं ते.

चष्मेवाले मात्र त्यांना कधीच मावशी म्हणाले नाहीत. ते विधुर होते. दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहायचे, स्वतःच रांधायचे आणि स्वतःच करपवायचे. दुकानामागच्या लांबट खोलीत तपासणीची खुर्ची होती आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरची ओळ हाताच्या पंजाएवढी, खालची मुंगीएवढी. ते खोलीतला दिवा घालवायचे, तक्त्यावरचा तेवढा ठेवायचे आणि मावशींच्या नाकावर जड चौकट बसवून तिच्यात भिंगं बदलायला लागायचे.

"हे बरं की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"पुन्हा दाखवा बघू."

भिंग बदलता बदलता गप्पा व्हायच्या. आज काय करपलं, कुठल्या गिऱ्हाइकानं कोट आणून काय नखरे केले, असल्याच. त्यात चोरून बोलण्यासारखं काही नव्हतं. पण घरात मुलाला काय आवडतं, मुलीला काय हवं, हे बघण्यात मावशींची सगळी उमर गेली होती. तुम्हाला हे बरं वाटतं की हे, असं त्यांना दुसरं कुणी कधी विचारलंच नव्हतं. उत्तर लगेच देऊन टाकलं की विचारणं संपणार, म्हणून त्या खालची ओळ चुकीची वाचायच्या.

एके दुपारी चष्मेवाले भिंग हातात धरून म्हणाले, "एक सांगू? ज्याला खरंच दिसत नाही, तो 'घ'ला 'ध' म्हणतो. तुम्ही 'घ'ला 'ट' म्हणता."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाकावर ती चौकट, त्यामुळं तोंडही लपवता येईना.

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आला असता का?"

त्यांनी हातातलं भिंग पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "वरच्या खोलीत उजेड चांगला येतो. खिडकीपाशी तुमची रफूची बैठक सहज मावेल. रीतसर लग्न करून म्हणतोय मी. घाई नाही, सावकाश सांगा."

मावशींनी सावकाश सांगितलं नाही. "माझं हो आहे," त्या म्हणाल्या. "मुलीचं ठरतंय, तेवढं पार पडू दे. मग घरी सांगते." घरी जाताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. घरात कुणी विचारलं, एवढा वेळ का लागला? तर म्हणाल्या, डोळ्यांचं जरा अवघड आहे.

मुलीचं लग्न जमलं. पलीकडची माणसं मातबर होती, म्हणजे दुसऱ्यांच्या घरात लक्ष घालायला त्यांना भरपूर सवड होती. खरेदीला निघालेली मुलगी एकदा म्हणाली, वाटेत तुझे डोळे दाखवून घेऊ, मीही येते. मावशींना नाही म्हणायला कारण सुचेना. मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. दिवा गेला. त्या दिवशी तरी खालची ओळ नीट वाचायची, पण सवय वाईट असते. मावशींनी नेहमीसारखी ती चुकीची वाचली. चष्मेवाले म्हणाले, "आज तर कमालच आहे." आणि मावशी हसल्या.

मुलगी बावळट नव्हती. आईनं सकाळीच काळ्या कापडात काळा धागा भरलेला तिनं पाहिला होता. पण ती दचकली त्या हसण्यानं. आई अशी हसते, हे तिला ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "आई, तुला सगळं दिसतं ना?"

"दिसतं," मावशी म्हणाल्या. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मुलीचा चेहरा उतरला. "होणाऱ्या सासूबाईंनी परवा मला विचारलं होतं. तुझ्या आईचे डोळे फारच खराब आहेत का गं, म्हणून. मला वाटलं, काळजीनं विचारतायत."

संध्याकाळी बहिणीकडून सगळं कळल्यावर मुलगा आईसमोर येऊन बसला. "आई, मी काही जुन्या विचारांचा नाही," त्यानं सुरुवात केली. अशी सुरुवात करणारी माणसं पुढं काय बोलणार, हे मावशींना कळत होतं. तुझ्या सुखाच्या आड आम्ही येणार नाही, पण लोकांचं काय? हिचं मोडलं तर? हिचं एकदा होऊ दे, मग बघू.

"मग म्हणजे कधी?"

"आई, लगेच कसं सांगू? ती सासरी रुळली पाहिजे. तिथं उठताबसता तिला ऐकवतील. आणि मी शाळेत शिकवतो गं. वर्गातली पोरं माझ्या पाठीमागं काय बोलतील?"

"काय बोलतील?"

तो रडायला लागला. मास्तर झालेला, मिशीवाला माणूस, पण बाप गेला त्या दिवशी रडला होता तसाच रडला. तो ओरडला असता तर मावशी भांडल्या असत्या, भांडण त्यांना जमत होतं. दाराआड मुलगी उभी होती, तीही रडत होती. तिच्या तोंडून नको असं काही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान एकावर तरी रागावता आलं असतं. त्या दिवशी मावशींना दोन्ही मुलांचा मनापासून राग आला, आणि त्या रागाचीच लाज वाटली.

"उद्या एकदा जाऊन येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी सोबत आली, पण दुकानाबाहेरच थांबली. चष्मेवाल्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुसली, दिवा घालवला, चौकट बसवली. मावशींनी काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटेना.

"हे बरं की हे?"

"दोन्ही सारखीच."

त्यांचा हात थांबला. मग ते हळू म्हणाले, "वाचा."

मावशींनी वाचलं. वरची ओळ वाचली, मधल्या वाचल्या, आणि न थांबता खालची मुंगीएवढी ओळही वाचली. एक अक्षर चुकलं नाही. चष्मेवाले त्यांच्या मागं उभे होते, त्यामुळं त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्या अंधारात मावशींना तेवढंच दिसत नव्हतं.

"खालची ओळ पुन्हा एकदा वाचता?" ते म्हणाले. "घाई करू नका."

एक अक्षर चुकवलं असतं तरी पुरलं असतं. 'घ' समोरच होता. मावशींनी 'घ'ला 'घ' म्हटलं, आणि पुढची अक्षरंही जशी होती तशीच वाचली.

चष्मेवाल्यांनी चौकट काढली, खोलीतला दिवा लावला आणि मावशींचा चष्मा मऊ फडक्यानं पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. तरी ते पुष्कळ वेळ पुसत राहिले. मग तो त्यांच्या हातात देताना म्हणाले,

"डोळे उत्तम आहेत. आता यायची गरज नाही, मावशी."

मावशींनी मान हलवली आणि त्या बाहेर आल्या. मुलगी पायरीवर उभी होती.

"काय म्हणाले?"

"डोळे उत्तम आहेत म्हणाले."

रस्ता ओलांडायला म्हातारीला धरतात तसा तिनं आईचा दंड धरला. कालपर्यंत मावशी हा रस्ता आधाराशिवाय, भराभरा ओलांडत होत्या. आज त्यांनी तो हात सोडवला नाही.